खबरदार बाई

माझ्या हाताखाली आता तीन पोरी आहेत आणि माझ्यामागे त्या मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. मी काही बोलत नाही, कारण आम्हीही आमच्या इन्चार्ज बाईंना नाव ठेवलेलं होतं. खबरदार बाई. दिवसातून पन्नास वेळा त्यांच्या तोंडून तो शब्द निघायचा. सलाईनच्या बाटलीला हात लावला की खबरदार, औषधाचं कपाट उघडलं की खबरदार. आमच्यातली एक पोरगी लग्नाची पत्रिका द्यायला गेली, तर बाईंनी आधी लेबलाचा चष्मा लावला, पत्रिका तीनदा वाचली आणि म्हणाल्या, "खबरदार! नवऱ्याचं नाव बराबर हाय ना? छापणारे कायबी छापतात."

लेबलाचा चष्मा म्हणजे त्यांच्याकडचा दुसरा चष्मा. एक चष्मा माणसांसाठी आणि एक फक्त औषधांवरची अक्षरं वाचण्यासाठी. त्याला त्या कोणाला हात लावू देत नसत. उंच, हाडकुळ्या, चालताना किंचित पुढं झुकलेल्या, सतत काहीतरी हुंगत असल्यासारख्या. नांदेडजवळ विष्णुपुरीला एकट्याच राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. रोज सकाळी नांदेडहून गाडी धरून, मुदखेड मागं टाकून आमच्या दवाखान्याच्या गावी यायच्या. तालुक्याचं गाव, सरकारी दवाखाना, बायकांचा वॉर्ड. खाटा तीस, पेशंट कधी पन्नासाच्या खाली नाहीत, खाटेवर न मावलेल्या बायका खाली गादीवर. माझी ती पहिली नोकरी.

पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच गोष्ट विचारली. "गाव कोणतं?"

"किल्लारी, मॅडम."

"घरी आतून कडी लावतात का?"

"नाही. आई लावू देत नाही."

"बेस. मंग तुला लई शिकवायची गरज न्हाई."

माझा जन्म भूकंपानंतरचा, नव्या गावठाणातला. पण आई अजून दाराला आतून कडी घालू देत नाही. पळायची वेळ आली तर कडी काढण्यात वेळ जाईल, असं तिचं म्हणणं. शेजारणी तिला हसतात. बाई हसल्या नाहीत. ज्याला पायाखालच्या जमिनीचासुद्धा भरवसा वाटत नाही, तेच माणूस सुई हातात धरायच्या लायकीचं, असा त्यांचा हिशोब होता. त्या म्हणायच्या, "ज्या दिवशी भ्या वाटणार न्हाई, त्या दिवशी सुई खाली ठेव अन् घरला जा."

औषधाचं लेबल तीनदा वाचायचं, काढताना, भरताना आणि रिकामी कुपी ठेवताना, हे तर सगळ्याच नर्सिंगच्या पोरी शिकून येतात. बाईंची चौथी पायरी स्वतःची होती. पेशंटला नाव विचारायचं. सांगायचं नाही.

मला त्यातला फरक कळेना. मग बाईंनी मला हाताला धरून एका म्हातारीच्या खाटेपाशी नेलं. म्हातारी परभणीकडची, नातीकडं आलेली आणि हिवतापानं पडलेली. बाई अदबीनं म्हणाल्या, "मावशी, तुम्हीच हितल्या तहसीलदार ना?"

म्हातारीनं एकदा बाईंच्या गणवेशाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि मान हलवून म्हणाली, "हाव."

"पाहिलंस?" बाई मला बाजूला नेऊन म्हणाल्या. "आपलं माणूस सरकारी दवाखान्यात 'न्हाई' म्हणत न्हाई. शिकलेली बाई म्हणून राहिली तर आसल, आसं त्याला वाटतं. तू म्हणशील 'तुम्हीच कमळाबाई ना', तर सखूबाईबी हाव म्हणल अन् दंड पुढं करल. तोंडातून नाव काढून घे. खाटेवर भरवसा ठेवू नको, कागदावर ठेवू नको, डॉक्टरवर तर बिलकुल ठेवू नको."

खाटेवर का नाही, तेही महिन्याभरात कळलं. वॉर्डात सहा पंखे, त्यातले फिरणारे तीन. एप्रिल-मेमध्ये नांदेडकडचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना पंख्याखालच्या खाटेची किंमत सांगायला नको. बायका आपसांत ठरवून खाटा बदलायच्या. दुपारभर तू झोप, मग मी. केसपेपर मात्र खाटेच्या दांडीला लटकलेला, तो काही बाईबरोबर पंख्याखाली जात नसे.

रिकाम्या कुप्याही आमच्या वॉर्डात लगेच फेकायच्या नसत. प्रत्येक पेशंटची एक स्टीलची वाटी, तिला चिकटपट्टीवर नाव, आणि दिलेल्या औषधाची कुपी त्या वाटीत. दोन वाजता पाळी बदलताना बाई एकेक वाटी कागदाशी ताडून पाहायच्या. तरुण डॉक्टर होते, स्वभावानं गरीब, अक्षर मात्र मुंगी शाईत बुडून कागदावर चालत गेल्यासारखं. बाई त्यांना त्यांचंच लिहिलेलं मोठ्यानं वाचायला लावायच्या. एकदा त्यांना स्वतःलाच ते वाचता येईना. बाई म्हणाल्या, "वाचा वाचा, मला घाई न्हाई. पेशंटला आसल."

आणि गाडी. पाचच्या गाडीनं बाई परत जात. म्हणजे जायच्या असत. आठवड्यातून दोनदा तरी त्या स्टेशनावरून उलट्या पावली धापा टाकत वॉर्डात यायच्या. ऑक्सिजनची चावी बघायला, एखादं सलाईन बंद केलंय का ते बघायला. सगळं जिथल्या तिथं असायचं, गाडी मात्र गेलेली असायची. मग पुढची गाडी येईपर्यंत बाकावर बसून त्या भिजवलेले शेंगदाणे खात. आम्ही हसायचो. मी तर त्यांच्यासारखी चालून दाखवायचे, झुकून, हुंगत. आज आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

दोन वाजताची एक रीत त्यांची खास होती. जाणाऱ्या आणि येणाऱ्या आम्ही सगळ्या टेबलाभोवती उभ्या राहिलो की बाई विचारायच्या, "आज कोणाचा हात चुकला?" ज्या पोरीनं चूक सांगितली तिला पहिला चहा. ओरडा नाही, कागद नाही, दवाखान्याच्या मोठ्या साहेबांकडं बोलावणं नाही. मी पहिल्यांदा सांगितलं ते पट्ट्याचं. एका बाईच्या दंडाला रक्त काढताना बांधलेला पट्टा मी दहा मिनिटं तसाच विसरले होते. बाईंनी चहा माझ्यापुढं सरकवला आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "ऐकलं? पट्टा. आता उद्यापून पट्टा कोनीबी विसरणार न्हाई." हिवाळ्यात तर चहासाठी आम्ही लहानसहान चुका रचूनही सांगायचो. लातूरची एक पोरगी होती माझ्या बरोबरीची, तिनं एकदा सांगितलं, मॅडम, मी पेशंटला गुड मॉर्निंग म्हणायला विसरले. तिलाही चहा मिळाला.

आता हे सगळं कधी बदललं ते मला नेमकं सांगता येत नाही. एका दिवसात काही होत नाही. मंजूर आठ सिस्टर, त्यातल्या दोघींची बदली झाली, बदल्यात कोणी आलं नाही. एक बाळंतपणाला गेली. एकीला शिबिरांच्या कामाला उचललं. आम्ही चौघी उरलो, आणि पाळ्या तर तीनच्या तीन. त्यात माहिती भरायचं काम वाढलं. रोज संध्याकाळपर्यंत सगळे आकडे संगणकावर चढवायचे, ते चढले नाहीत की वरून फोन. बाईंना टंकलेखन यायचं नाही. एका बोटानं त्या एकेक अक्षर शोधायच्या, लेबलाचा चष्मा लावून. सकाळच्या आल्या की कधी कधी दुसऱ्या दिवशी सकाळीच जायच्या. निवृत्तीला दहा महिने राहिले होते. अकरा महिन्यांत एक रजा नाही.

मला पहिल्यांदा खटकलं ते गाडीचं. एका महिन्यात काही बघायला परत येऊन बाईंची पाचची गाडी एकदाही चुकली नाही. पर्स उचलायच्या, सरळ निघायच्या, मागं वळून बघायच्या नाहीत. लातूरची म्हणाली, "बरं झालं बाई, म्हातारी जरा सुधारली." मलाही आधी बरंच वाटलं. मग एक दिवस त्या गाडीत झोपल्या त्या नांदेड सोडून कुठल्या कुठं गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी ते असं सांगितलं, जसं काही ते शेजारणीला झालं होतं.

पूर्वी वॉर्डात कोणी दगावलं की बाई नातेवाइकांजवळ बसायच्या. काही बोलायच्या नाहीत, नुसत्या बसायच्या. त्या दिवसांत एक तरुण बाई गेली, तिची सासू जमिनीवर बसून ऊर बडवत होती आणि बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. फक्त पाहिलं. पूर्वी एका उशीसाठी ऑफिसशी भांडणारी ही बाई, आता कोणी काहीही सांगितलं तरी म्हणायची, "बरं." पंखा बंद पडला, बरं. औषध संपलं, बरं. दोन वाजता टेबलाशी विचारायच्या, "आज कोणाचा हात चुकला न्हाई ना, चला," एका दमात, आणि सही करून मोकळ्या.

मला भीती वाटायला लागली. बाईंच्या हातात ट्रे दिसला की माझं हातातलं काम थांबायचं. मी नजरेनं त्यांच्या मागं मागं जायचे. कोणाला सांगायचं? सांगून काय सांगायचं? की आमच्या इन्चार्ज बाई आता गाडी चुकवत नाहीत?

मे महिना होता. साडेबारा वाजले असतील. गयाबाई आणि शेवंताबाई, दोघी एकाच गावच्या, शेजारशेजारच्या खाटांवर. शेवंताबाईला साखरेचा आजार, तिला जेवणाआधी इन्सुलिन. गयाबाई जुलाबानं गळून गेलेली, दोन दिवस पोटात अन्नाचा कण नाही. सकाळीच दोघींनी खाटा बदलल्या होत्या. गयाबाईला पंख्याखाली घेतलं होतं. मी ते पाहिलं होतं, आणि कागद बदलायचे म्हणून मनात ठेवलं होतं, आणि तेवढ्यात नवी पेशंट आली होती. ती माझी चूक. ती मी आजही कोणावर ढकलत नाही.

मी दोन खाटा पलीकडं सलाईन लावत होते. बाईंचा आवाज आला. "शेवंताबाई ना?"

गयाबाई म्हणाली, "हाव."

मी वळले. "मॅडम" म्हणाले, पण तो आवाज दोन खाटांपलीकडं पोचलाच नाही. तोवर सुई आत जाऊन बाहेरही आली होती. बाईंनी कापूस दाबला, ट्रे उचलला. दारातून शिपाई ओरडला, "सिस्टर, साहेबांची मीटिंग, लवकर." बाई म्हणाल्या, "बरं." आणि गेल्या.

मला तिथंच ओरडायला हवं होतं. मी ओरडले नाही. डॉक्टरांकडं पळाले. उपाशी म्हातारीच्या अंगात इन्सुलिन गेलं तर काय होतं ते आम्हाला शिकवलेलं असतं. साखर उतरत जाते, माणूस घामेजतं, झोपल्यासारखं दिसतं आणि त्या झोपेतून उठत नाही. आणि हे लगेच होत नाही, हीच त्यातली भयंकर गोष्ट. पहिल्यांदा बोटातून रक्त काढून तपासलं तेव्हा साखर चांगली होती. गयाबाई मला म्हणाली, "कामून पळून राहिलीस पोरी, बस की जराशीक." वीस मिनिटांनी तिच्या कपाळावर घाम आला. डॉक्टरांनी शिरेतून साखरेचं पाणी दिलं, सलाईन बदललं. विचारलं, "कोणी दिलं?" मी म्हणाले, "वॉर्डातून गेलं." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दर पंधरा मिनिटांनी मी तिचं बोट टोचत होते. आकडा चढायचा आणि पुन्हा घसरायचा. या औषधाचा खरा जोर दोन-तीन तासांनी येतो. म्हणजे तो अजून यायचाच होता.

दोन वाजता बाई मीटिंगमधून परत आल्या. आम्ही टेबलाभोवती जमलो. माझं अर्धं लक्ष गयाबाईच्या खाटेकडं, तिच्याजवळ डॉक्टर उभे होते.

"आज कोणाचा हात चुकला न्हाई ना, चला," बाई म्हणाल्या आणि पेन उघडला.

"चुकला," मी म्हणाले.

"कोणाचा?"

"मॅडम, तुमचा."

लातूरची माझ्याकडं बघतच राहिली. बाईंनी पेन खाली ठेवला नाही. "माझा? कवा?"

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. तो प्रश्न मी जन्मात विसरणार नाही. मी सांगितलं. खाटा बदलल्याचं सांगितलं, कागद बदलायचे माझ्याकडून राहिले तेही सांगितलं. बाई ऐकत होत्या आणि आपल्याच उजव्या हाताकडं बघत होत्या.

"मी नाव विचारलं न्हाई?"

"नाही मॅडम. तुम्ही सांगितलं."

"अन् ती हाव म्हणली."

"हो."

त्या दिवशी चहा कोणीच घेतला नाही. बाई गयाबाईच्या खाटेशी जाऊन बसल्या त्या साडेसहापर्यंत. बोट टोचायची वेळ झाली की मला म्हणायच्या, "तू टोच." त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. चारच्या सुमारास गयाबाईची जीभ जड झाली, ती कोणाला तरी गाय बांध म्हणून सांगायला लागली. साखरेचं पाणी पुन्हा दिलं. सहाच्या पुढं आकडा चढला तो चढलेला राहिला. तिनं डोळे उघडून ताकभात मागितला. मी भिंतीला टेकून रडले, अगदी वॉर्डाच्या मधोमध.

बाई तिला म्हणाल्या, "मावशी, दुपारची सुई तुमची नव्हती. दुसऱ्या बाईची होती. माझ्या हातून चुकून तुम्हाला दिली."

"आसू द्या की बाई," गयाबाई म्हणाली. "दिली हाय तर कामी येईल."

"मी शेवंताबाई का म्हणलं तर तुम्ही हाव कामून म्हणलात?"

"तुम्ही म्हणलात म्हणून. मोठ्या बाईला न्हाई कसं म्हणावं?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी आपल्या हातानं सगळं लिहून काढलं आणि साहेबांपुढं ठेवलं. वर रजेचा अर्ज. बाहेर आल्या तेव्हा अर्ज हातातच होता. साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले होते, सिस्टर, पेशंट वाचलाय ना, मग विसरा. तुम्हीच थकलात म्हटल्यावर आम्ही कोणाकडं पाहायचं? माणूसच नाही तर रजा कुठून देऊ? मार्गी लागलं की बघू. बाईंनी मागितलेली ती पहिली रजा नव्हती, हेही मला तेव्हाच कळलं. चार अर्ज आधीच पडून होते.

बाईंनी कपाटाच्या चाव्या माझ्या हातात दिल्या. "आजपून माझ्या हातात सुई देऊ नको. मी मागितली तरी देऊ नको. रागावले तरी देऊ नको. वह्या मी पाहते, नवी पेशंट मी घेते, सुई तुझी."

आता चौघींची कामं तिघींवर आली. दोन महिने मी ते केलं. बाई खुर्चीवर बसून वाट्या ताडायच्या आणि माझ्या डोळ्यांसमोर काजवे. पावसाळा लागला, तापाच्या पेशंटांनी वऱ्हांडासुद्धा भरला. मी घरी फोन करणं सोडलं, आई काय विचारते ते ऐकून उत्तर जुळवायचा कंटाळा यायचा. आंघोळ झाली की नाही ते आठवत नसे. पण वॉर्डात चूक होत नव्हती, आणि मला वाटायचं, म्हणजे मी बरी आहे.

एका सोमवारी, बाजाराच्या दिवशी, सकाळी दहाच्या आत सात नव्या पेशंट आल्या. मी एकीचं इंजेक्शन भरून उभी होते, दुसरीकडं एकीला झटके आले. बाई झपाझप आल्या, हात पुढं करून म्हणाल्या, "दे इकडं, हिला मी देते, तू तिकडं पळ."

मी दिलं.

झटक्याच्या बाईला आडवं केलं, डॉक्टर आले, सगळं मार्गी लागलं. मी वळले तर बाई जिथल्या तिथं उभ्या होत्या. भरलेली सुई हातात, टोपण न काढलेली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"दिलीस?" त्या म्हणाल्या.

मला काय विचारताहेत तेच समजेना. मग समजलं, आणि त्याहून वाईट हे की समजूनही मला काही वाटलं नाही. ना भीती, ना लाज. मी म्हणाले, "बरं मॅडम, आणा इकडं."

"बरं?" बाईंनी माझं मनगट धरलं. "म्या मागितली ते मला कळलं न्हाई. तू दिलीस ते तुला कळलं न्हाई. मंग ह्या वॉर्डात जागं कोन हाय?"

त्यांनी डॉक्टरांना वॉर्डात उभं केलं आणि मला ओढत ऑफिसात नेलं. स्वतःसाठी पाच वेळा विनंती केलेली बाई, माझ्यासाठी विनंती करायला तयार नव्हती. म्हणाल्या, "हिला रजा द्या. आत्ता. सही होईपरेंत मी दारातून हलणार न्हाई, अन् वॉर्डात डॉक्टरसाहेबांनाच सलाईन लावू द्या." अर्ध्या तासात सही झाली. चार दिवस. माझ्या हातातून चाव्या काढून घेत त्या म्हणाल्या, "जा. झोप. फोन करू नको."

किल्लारीला मी दोन दिवस झोपले. आई उठवून भाकरी भरवायची, मी पुन्हा आडवी. तिसऱ्या दिवशी पहाटे उजाडतानाच दचकून जागी झाले. चाव्या. चाव्या बाईंनी माझ्या हातातून घेतल्या होत्या. मी इथं, लातूरची दुपारच्या पाळीला, तिसरी सिस्टर रात्रीच्या. मग सकाळी सुया कोण देतंय?

फोन लावला. बाई वॉर्डात फोन जवळ ठेवत नसत. दहा वेळा लावला. मी आईला काही न सांगता निघाले. जीपनं लातूर, लातूरहून नांदेडची बस. अहमदपूरला ड्रायव्हर चहाला उतरला तो वीस मिनिटं आला नाही, मी त्याला चारचौघांत नाही नाही ते बोलले. रस्ताभर माझ्या डोळ्यांपुढं एकच, कोणीतरी खाटेवर मान हलवतंय आणि दंड पुढं करतंय. नांदेडहून गाडी, स्टेशनावरून पळत दवाखाना. साडेचार वाजले होते.

वॉर्ड शांत होता. मी कधी न पाहिलेली एक सिस्टर ट्रे घेऊन एका बाईला नाव विचारत होती. आणि आमच्या बाई टेबलाशी खुर्चीवर बसलेल्या, उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

"मॅडम, काय झालं? कुठं पडलात?"

"हळू बोल." त्यांनी मला जवळ ओढलं. "पडले न्हाई. हात धड हाय."

मी प्लास्टरवर बोटानं टकटक करून पाहिलं.

"तू गेलीस तर साहेब म्हणले, सिस्टर, चार दिवस निभावून घ्या. मी चाव्या घेऊन कपाटापाशी गेले. अन् लई भ्या वाटलं ग. किती महिन्यांनी वाटलं. कपाट उघडलंच न्हाई. तशीच प्लास्टरच्या खोलीत गेले, त्या माणसाला म्हणलं, घाल. तो म्हणला, एक्सरे कुठाय? मी म्हणलं, इतकी वर्सं तुझी पेशंटं सांभाळून राहिले, मला एक्सरे मागतूस?"

"आणि साहेब?"

"साहेबांनी हात पाहिला अन् तिथंच फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी ही पोरगी हजर, नांदेडहून." बाईंनी प्लास्टरवरून डाव्या हाताचं बोट फिरवलं. "पाच अर्ज केले मी, डोकं चालत न्हाई म्हणून. कोणाला दिसलं न्हाई. हे दिसलं."

"घरी तरी जायचं, मॅडम. आता रजा मिळाली असती."

"घरी बसून काय करू? डोळे हायत की. डोळ्यानं पाहते."

मी खाली बसले. विचारलं, "किती दिवसांचं आहे?"

"सहा आठवडे."

"आणि मग?"

बाईंनी पेन घेतला आणि डाव्या हातानं, पहिलीतल्या पोरासारखी वेडीवाकडी, वहीत सही केली.

"मंग प्लास्टरला डावा हाय की," त्या म्हणाल्या.